ओळखीचा हात बेल वाजवतो तेव्हा

मोठ्या शहरात एकटी राहायला निघालेल्या मुलीला घरच्यांकडून मिळणारे सल्ले सगळीकडे साधारण सारखेच असतात. दाराला आतून साखळी लावून घे. पीपहोलमधून पाहिल्याशिवाय कडी काढू नकोस. रात्री नऊच्या आत घरी ये. दारावरच्या पाटीवर बाबांचे नाव लाव, बाहेर पुरुषी चपलांचा एक जोड ठेव. पर्समध्ये स्प्रे असू दे, नाहीच मिळाला तर मिरचीपूड. नोकरी हिंजवडीला लागो, पवईला लागो की बेंगळुरूत व्हाइटफील्डला, आईची ही यादी बदलत नाही. यात वाईट काहीच नाही, साखळी लावावीच. पण यादी नीट वाचली की तिच्यामागे एकच माणूस उभा दिसतो. तो अनोळखी आहे, अंधारात दबा धरून बसलेला आहे आणि जबरदस्तीने आत शिरणारा आहे. सगळी तयारी त्याच्यासाठी. जो रीतसर बेल वाजवतो, नावाने हाक मारतो आणि ज्याच्यासाठी ती साखळी स्वतःच काढते, त्याच्याविषयी यादीत एक ओळही नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे मात्र याच दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवतात. २०२२ या वर्षात देशात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजार २५६ गुन्हे नोंदले गेले. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या छळाचा आहे. त्याच वर्षी बलात्काराचे ३१ हजार ५१६ गुन्हे दाखल झाले आणि त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा होता. कोणी नातेवाईक, कोणी शेजारी, कोणी मित्र, कोणी कामावरचा. ही टक्केवारी थोडी चाळून घ्यायला हवी. ‘लग्नाचे आमिष दाखवून’ झालेली प्रकरणेही याच गटात मोजली जातात आणि तिथे आरोपी ओळखीचाच असणार. शिवाय गर्दीत अनोळखी हाताने केलेला किळसवाणा स्पर्श पोलीस ठाण्यापर्यंत बहुधा पोहोचतच नाही. तेवढी सूट धरली तरी कल फिरत नाही.

न नोंदलेल्या गोष्टींचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत असे दिसले की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाजवळ शब्दही काढला नव्हता. हे सर्वेक्षण एकट्या राहणाऱ्या शहरी स्त्रियांपुरते नाही, पण गप्प बसण्याची सवय शहरात आल्यावर गळून पडते असे मानायला काही आधार नाही. उलट एकटीला तर बोलल्याचा भुर्दंड जास्त. गावी कळले तर ‘परत ये’ म्हणतील आणि घरमालकाला कळले तर ‘जागा सोडा’ म्हणेल.

रस्त्यावरची भीती खोटी आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. तिची किंमत तर रोख रुपयांत मोजली गेली आहे. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय-निवडीचा आणि प्रवासाच्या मार्गांचा अभ्यास केला. सुरक्षित वाटणाऱ्या वाटेसाठी मुली गुणवत्तेत खालचे महाविद्यालय पत्करत होत्या आणि मुलांपेक्षा वर्षाला सुमारे १८ हजार ८०० रुपये जास्त खर्च करायला तयार होत्या. छेडछाडीच्या भीतीने बाईचे शिक्षण आणि पुढची मिळकत अशी कातरली जाते. तेव्हा रस्त्याची काळजी हवीच. पण एकटीच्या सुरक्षिततेची चर्चा तिथेच सुरू होऊन तिथेच संपत असेल, तर तिची तयारी चुकीच्या दारावर पहारा देत राहते.

ओळखीच्या माणसापुढे तयारी कुठे कमी पडते, हे समजायला शरीराचे एक वागणे माहीत असावे लागते. धोका समोर आला की माणूस लढतो किंवा पळतो, एवढे शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते. तिसरी शक्यता फारशी सांगितली जात नाही, ती म्हणजे थिजणे. खेड्यात कोंबड्या हाताळणाऱ्याला हे ठाऊक असते. कोंबडीला पाठीवर उताणी करून क्षणभर दाबून धरले की हात काढल्यावरही ती निपचित पडून राहते. ती मेलेली नसते, बेशुद्धही नसते. आजूबाजूचे तिला कळत असते. सुटकेची वाट बंद झाल्याचे मेंदूने ठरवले की स्नायूंचा ताबा सुटतो, आवाज फुटत नाही. माणसातही हे घडते आणि त्यात विचार करून घेतलेल्या निर्णयाचा भाग नसतो. मेंदूच्या फार जुन्या, खालच्या थरांतून ती आज्ञा निघते.

स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका आपत्कालीन केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रिया प्रसंगाच्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजल्या होत्या, ४८ टक्के तर अतितीव्र प्रमाणात. म्हणजे ‘ओरडली का नाहीस’, ‘ढकलून का दिले नाहीस’ हा जो प्रश्न घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत विचारला जातो, तो दहापैकी सात जणींना विचारण्यात अर्थच नाही. त्याच अभ्यासात पुढे असेही आढळले की, थिजलेल्या स्त्रियांमध्ये सहा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणाचा विकार आणि तीव्र नैराश्य अधिक होते. ‘मी काहीच का केले नाही’ ही बोचणी त्यात किती भर घालत असेल, याची कल्पना करता येते. भारतीय कायद्याने निदान या बाबतीत विज्ञानाशी सांगड घातली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. कायद्यात हे २०१३पासून आहे. शेजारच्या काकूंपर्यंत ते अजून पोहोचायचे आहे.

प्रसंग पूर्ण अंगावर आल्यावर शरीर साथ देईलच याची हमी नसेल, तर करायचे ते त्याआधी करावे लागते. आणि त्याआधीच्या त्या पाच-दहा मिनिटांत अडथळा ताकदीचा नसतो, भिडेचा असतो. सहकारी रात्री घरापर्यंत सोडायला आला आहे, ‘जरा पाणी मिळेल का’ म्हणतो. घरमालकाचा भाऊ ‘नळ बघायचा होता’ म्हणून सुट्टीच्या दिवशी न सांगता उभा आहे. भाड्याची जागा मिळवून देणारा एजंट दोन महिन्यांनीही ‘सगळं ठीक ना, मॅडम’ म्हणत फोन करतो आहे. काहीतरी खटकते. पण माणूस ओळखीचा, बोलणे गोड, अजून वावगे काही केलेले नाही. नाही म्हटले तर काय वाटेल त्याला? ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण व्यवहारासाठी रूढ झाली खरी, इथे ती जास्त लागू पडते. अनोळखी माणसाला दार न उघडायला काही लागत नाही. ओळखीच्या माणसाला दारातच थांबवायला मात्र लहानपणापासून गिरवलेले वळण मोडावे लागते.

हे वळण मोडायचे प्रशिक्षण देता येते का, याचा चांगला पुरावा कॅनडातून आला आहे. मानसशास्त्रज्ञ शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची माहितीपत्रके मिळाली. दुसऱ्याला तीन-तीन तासांच्या चार बैठकांचे प्रशिक्षण. वर्षभरानंतर पहिल्या गटात बलात्काराला बळी पडलेल्यांचे प्रमाण ९.८ टक्के होते, दुसऱ्यात ५.२ टक्के. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. या विषयावरच्या कार्यक्रमांचा इतक्या काटेकोर पद्धतीने मोजलेला परिणाम फार क्वचित सापडतो.

त्या बारा तासांत शिकवले काय, हे अधिक महत्त्वाचे. स्वसंरक्षणाचे डावपेच होते, पण तो एक भाग. बाकीचा रोख ओळखीच्या पुरुषावर होता. कोणत्या परिस्थितीत धोका वाढतो हे ओळखणे, जे खटकते आहे ते खरेच खटकण्यासारखे आहे हे स्वतःशी मान्य करणे आणि संबंध बिघडतील ही भीती बाजूला ठेवून स्पष्ट, गरज पडली तर मोठ्याने, कृती करणे. मधली पायरी सर्वांत अवघड. ‘मलाच काहीतरी वाटतंय’ म्हणत स्वतःलाच खोटे पाडण्याची सवय बायकांना इतकी असते की तिथेच वेळ निघून जातो. कॅनडातल्या विद्यार्थिनींवरचा निष्कर्ष मुंबईतल्या नोकरदार बाईला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. भिडेचे ओझे इथे हलके नक्कीच नाही, त्यामुळे शिकण्याजोगे इथे कमी असेल असेही वाटत नाही. तरीही महाविद्यालयांत ‘महिला सुरक्षा’ म्हणून जे वर्ग होतात, त्यांत एका सकाळी कराटेच्या चार लाथा शिकवून फोटो काढले जातात. ‘नाही’ म्हणण्याची तालीम कोणी घेत नाही.

अशी तालीम घरच्या घरी करता येते आणि ती ऐकायला वाटते तितकी बालिश नाही. ताणाखाली नवे काही सुचत नाही, घोकलेले तेवढे तोंडातून निघते. ‘आत्ता घरात येता येणार नाही. काम असेल तर उद्या खाली ऑफिसात बोलू.’ एवढी दोन वाक्ये मोठ्याने, आरशासमोर, चार-पाच दिवस म्हटलेली असली की वेळेला ती सापडतात. त्यात कारण नाही, हे मुद्दाम. कारण दिले की घासाघीस सुरू होते. ‘बरं नाही’ म्हटले की ‘डॉक्टरकडे नेऊ का?’ येते. ‘मैत्रीण यायची आहे’ म्हटले की ‘ती येईपर्यंत थांबतो’. कारण नसलेल्या नकाराला असे हात फुटत नाहीत. समोरचा सज्जन असेल तर तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात येईल. त्याला राग आला, तर त्याच्याविषयी एक माहिती मिळाली.

स्पष्ट नकाराला कायद्यातही वजन आहे. न्याय संहितेच्या कलम ७८नुसार, स्त्रीने नापसंती स्वच्छ दाखवल्यानंतरही एखादा पुरुष तिच्याशी वारंवार संपर्क साधतो, मागे येतो किंवा तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवतो, तेव्हा तो पाठलागाचा गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणून संदेशांना उत्तर न देता ‘ब्लॉक’ करण्यापूर्वी ‘मला संपर्क करू नका’ असा एक लेखी संदेश पाठवून त्याचा स्क्रीनशॉट ठेवणे शहाणपणाचे. हसरी इमोजी टाकून दिलेला नकार पुढे वकिलाच्या हातात वेगळा दिसतो.

आता स्प्रेविषयी. मिरचीतले कॅप्सेसिन डोळ्यांच्या, नाकाच्या आणि घशाच्या नसांवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते. भाजले नसतानाही भाजल्याचा निरोप मेंदूला जातो, डोळे मिटतात, खोकला लागतो. उघड्यावर, वारा पाठीमागून असताना, हातभर अंतरापलीकडच्या माणसावर त्याचा उपयोग होतो आणि पळायला वेळ मिळतो. लिफ्टमध्ये किंवा लहान खोलीत तोच फवारा दोघांनाही लागतो. डबीवर मुदत छापलेली असते. आतला दाब कालांतराने उतरतो. आणि पर्सच्या तळाशी, चार्जर-कंगव्याखाली असलेला स्प्रे नसल्यातच जमा. मिरचीपुडीचे तर विचारूच नये, ती फेकणाऱ्याच्याच डोळ्यांत जाण्याची शक्यता मोठी. सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. ओळखीच्या माणसावर, तेही त्याने अजून ‘तसे’ काही केलेले नसताना, स्प्रे मारायला हात उठत नाही. ज्या प्रसंगांचे प्रमाण जास्त आहे तिथे हे शस्त्र बहुधा बाहेरच निघत नाही.

फोन त्याहून कामाचा, पण आधी जमवून ठेवला तर. ११२ हा पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचा एकच क्रमांक आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये बाजूचे बटण ठरावीक वेळा दाबले की आपत्कालीन कॉल जातो आणि निवडलेल्या माणसांना ठिकाणही कळते. ते किती वेळा दाबायचे हे फोनगणिक बदलते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एकदा पाहून, सुरू करून घ्यावे. संकटकाळी शोधायची ती गोष्ट नव्हे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास देता येते. रिक्षाच्या प्रवासापुरता एक तास पुरतो. इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. ‘तुझ्या सुरक्षेसाठी’ म्हणत चोवीस तास ठिकाण मागणारा मित्र, कायम फोनचा पासवर्ड मागणारा जोडीदार, हे पाळतीचेच सौम्य रूप आहे. मोडलेल्या नात्यानंतर लोकेशन, क्लाउडचे पासवर्ड आणि डिलिव्हरी ॲपमधला जोडलेला जुना फोन नंबर बदलायला हवा, तितक्याच तातडीने जितक्या तातडीने दाराचे कुलूप.

सतत सावध राहण्याचाही शरीराला हिशोब द्यावा लागतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तमाकी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवले की, नव्या जागेत पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि वेगळ्या आवाजाला लवकर दचकतो. जणू एक बाजू पहाऱ्यावर असते. सवय झाली की हा फरक मावळतो. नव्या फ्लॅटमधली पहिली काही दिवसांची कच्ची झोप त्यामुळे नैसर्गिकच. पण ती महिनोन्‌महिने तशीच राहिली, लिफ्टचा आवाज आला की जाग येते, सकाळी उठल्यावर अंग जड, दिवसा चिडचिड, असे होत राहिले तर तो नुसता सावध स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरशी बोलण्याचा विषय आहे.

कुलूप पुनःपुन्हा तपासण्याविषयी तर एक गमतीदार निष्कर्ष आहे. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३मध्ये लोकांना संगणकावरच्या खोट्या गॅसची बटणे पुनःपुन्हा तपासायला लावली. जितक्या जास्त वेळा तपासले, तितकी आठवण धूसर झाली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला. म्हणजे चौथ्यांदा उठून कडी पाहिल्याने मन शांत होत नाही, पाचव्यांदा उठावेसे वाटते. दार, गॅस, खिडकी एकदाच, ठरलेल्या क्रमाने, तोंडाने म्हणत तपासावे आणि झोपावे.

कडीबाबत आणखी एक गोष्ट, जी सुरक्षेच्या चर्चेत येत नाही. जी कडी चोराला बाहेर ठेवते ती मदतीलाही बाहेर ठेवते. लहान, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस गिझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरते आणि माणूस बाहेर पडायला हवे हे कळण्याआधीच कोसळतो. चार जणांच्या घरात कोणीतरी दार ठोठावते. एकटीच्या घरात कोणी नसते. गिझर बाहेर बसवून घेणे, न्हाणीघराची कडी न लावणे आणि विश्वासातल्या एका शेजारणीकडे किंवा जवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे घराची किल्ली असणे, ही पर्समधल्या स्प्रेपेक्षा महत्त्वाची व्यवस्था आहे. सकाळी एक ठरलेला संदेश, आणि तो दहापर्यंत आला नाही तर फोन, इतका करार दोन मैत्रिणींत होऊ शकतो. सतत पाळत ठेवण्याची गरज त्यात नाही.

सगळे करूनही घडायचे ते घडले तर पहिले ठिकाण रुग्णालय, हे पक्के ठाऊक असावे. बलात्काराच्या आणि आम्लहल्ल्याच्या पीडितेवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तातडीने आणि मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांत तक्रार आधी झालेली असणे ही त्याची पूर्वअट नाही. इथे घड्याळ महत्त्वाचे असते. गर्भधारणा टाळण्याची गोळी ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकी परिणामकारक. एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधेही ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, शक्यतो पहिल्या काही तासांत, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. पुराव्याच्या दृष्टीने अंघोळ न करता, कपडे प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत घालून जाणे चांगले. पण अंघोळ झाली, कपडे धुतले गेले, म्हणून न जाणे ही त्याहून मोठी हानी. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला संमती विचारली जायला हवी आणि ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट शब्दांत गैर ठरवली आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य क्रमांका’ने घेतली जाते, ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता कायद्याला धरून नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवरून जवळच्या ‘सखी’ केंद्राचा पत्ता मिळतो. तिथे वैद्यकीय, कायदेशीर आणि समुपदेशनाची मदत एकाच छताखाली अपेक्षित आहे.

इथवर जे सांगितले ते सारे तिने करायचे आहे, आणि हीच या विषयाची खरी खोट. शहरानेही काही करायचे असते. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली काही सरकारी वसाहतींत प्रखर दिव्यांचे मनोरे उभारून चिठ्ठ्या टाकल्यासारखीच तुलना केली गेली; तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दिव्याइतकीच माणसेही लागतात. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर रात्री अकरापर्यंत उघडी असलेली केमिस्टची पायरी, इस्त्रीवाला, भुर्जीची गाडी, फुलवाली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११च्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला होता की, बायकांना घरात कोंडून नव्हे, त्यांना आणि इतर सगळ्यांना रस्त्यावर निवांत असू देण्यातून शहर सुरक्षित होते. पंधराएक वर्षे होत आली. दरम्यान अनेक उपनगरांत फेरीवाले हटले, उंच कुंपणांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतीलगतचा फूटपाथ रात्री आठलाच ओस पडू लागला.

आणि त्या कुंपणांच्या आतले काय? एकट्या बाईला जागा देताना सोसायटीच्या अटी पाहण्यासारख्या असतात. रात्री दहानंतर पाहुणे नकोत. पुरुष पाहुणे तर नकोतच. प्रत्येक येणाऱ्याची नोंद गेटवर. वरकरणी हे तिच्या भल्यासाठी. प्रत्यक्षात आजारपणात सोबतीला थांबणारा मावसभाऊ, उशिरा घरापर्यंत सोडायला आलेली मैत्रीण, म्हणजे जे तिचे साक्षीदार आणि आधार होऊ शकतात तेच नेमके गाळले जातात. आणि ज्याला नोंदवहीत सही करावी लागत नाही तो घरमालक, कमिटीचा सभासद, वरच्या मजल्यावरचे ‘काका’ हे मोकळे राहतात. यांच्यापैकी कोणी आगळीक केली तर ती तक्रार करील का? केली तर अकरा महिन्यांचा करार पुढे वाढेल का? या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते. एकटीच्या सुरक्षिततेतला सर्वांत कच्चा दुवा हा आहे आणि त्यावर बाजारात कोणतेही उपकरण मिळत नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवावी लागते. तिचे आधार, कंपनीचे पत्र, वडिलांचा फोन, सगळे फाइलला लागते. त्याच फ्लॅटच्या किल्ल्या आजवर किती जणांच्या हातांतून गेल्या, हे मात्र भाडेकरारात सहसा कुठेच लिहिलेले नसते. एक संच मालकाकडे, एक एजंटाकडे, एक आधीच्या भाडेकरूने ‘हरवलेला’, एक कधीकाळी रंगाऱ्याला दिलेला. कुलपाचा आतला सिलिंडर बदलायला कुलूपवाल्याला अर्धा तास पुरतो आणि खर्च एका महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ असतो. तो मालकाने सोसावा, जागेचा ताबा देतानाच नवा सिलिंडर बसवावा, उरलेल्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते नावानिशी लिहावे आणि चोवीस तास आधी कळवल्याशिवाय कोणी येणार नाही असे एक कलम करारात घालावे. अनामत रकमेवर घासाघीस करायला बसतात, त्याच टेबलावर हेही ठरवता येते.